सात छेद चोवीस

“मॅडम, घबाड सापडलं!” म्हणत फडतरे माझ्या टेबलाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद होता.

मे महिन्यातली दुपार होती. विद्यापीठाच्या परीक्षा भवनात, अगदी वरच्या मजल्यावर, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर तपासायला अठरा प्राध्यापक बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर मी. मुख्य परीक्षक मी, अभ्यास मंडळाची अध्यक्ष मी, पेपर काढलेला मी, आणि ज्यावरून गुण द्यायचे ती नमुना उत्तरंही मीच लिहिलेली. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि त्या अठरा जणांपैकी एकालाही गणित येत नाही, असं माझं ठाम मत होतं. त्यांना गाईड येत होतं. शेवटची ओळ नमुना उत्तराशी जुळली की पूर्ण गुण, नाही जुळली की भोपळा, आणि मग चहा कधी येणार याची चौकशी. फडतरे त्यातला शिरोमणी. पंधरा वर्षं एकच विषय शिकवत होता आणि अजून वही उघडी ठेवल्याशिवाय फळ्याकडे वळत नव्हता.

“काय झालं?”

“मास कॉपी, मॅडम. पुराव्यासकट.” त्याने गठ्ठा माझ्यापुढे आपटला. “प्रश्न चार, ब. तुमचं डबल इंटिग्रल. सगळ्या विद्यापीठाचं उत्तर येतंय तीन छेद आठ. म्हणजे ज्यांचं येतंय त्यांचं. आणि या एका गठ्ठ्यात एक्केचाळीस पोरांचं उत्तर सात छेद चोवीस. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस! अहो, चुकायचं तरी वेगवेगळं चुकावं की नाही?”

मी वरची उत्तरपत्रिका उघडली. पेन्सिलीने काढलेली नीटनेटकी आकृती. तिच्या आत तिरप्या रेघा, त्यातून एक बारीक आडवी पट्टी, पट्टीच्या एका टोकाशी लिहिलेलं ‘आत’ आणि दुसऱ्या टोकाशी ‘बाहेर’. इंग्रजी पेपरात चक्क मराठी शब्द. दुसरी उघडली. तीच आकृती, तेच दोन शब्द. तिसरी, चौथी, दहावी, सगळीकडे तेच.

“आणि ही बघा खूण,” फडतरे म्हणाला. “परीक्षकाला ओळख पटावी म्हणून केलेली. नियमात सरळ बसतंय.”

“केंद्र कुठलं?”

“करमाळ्याकडचं. घोंगडेचं कॉलेज.” नाव घेताना त्याने डोळे मिचकावले. मलाही हसू आलं.

हा विश्वंभर घोंगडे त्या आडगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायचा. तासिका तत्त्वावर म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि चौदा वर्षं झाली तरी हा माणूस आपला कुणीच नाही असं म्हणायला कॉलेज मोकळं. दोन वर्षांपूर्वी प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात तो माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसला होता. विषय हाच होता, डबल इंटिग्रल. ज्यांचा गणिताशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी सांगते, प्रकार साधा आहे. एखाद्या आकृतीच्या आत जे काही पसरलेलं आहे ते सगळं गोळा करायचं. आधी एका बारीक पट्टीपुरतं, मग तशा पट्ट्या साऱ्या आकृतीभर. पुढची आकडेमोड कुणालाही जमते. खरी गोम एवढीच, की पट्टी आकृतीत कुठल्या रेषेतून शिरते आणि कुठल्या रेषेतून निघते. या दोन टोकांनाच लिमिट म्हणतात. ती चुकली की सगळं चुकलं.

मी त्या दिवशी एकही आकृती न काढता फळाभर लिहीत सुटले होते. ज्यांना डोक्यात दिसत नाही त्यांनी कागदावर काढावं, असं माझं म्हणणं असायचं. अर्ध्या तासाने हा घोंगडे उठला. हातात पिवळी पडलेली फूटभर लाकडी पट्टी.

“मॅडम, एवढी पट्टी कुठनं शिरती आन् कुठनं निघती ते फळ्यावर दाखवा की. आमची पोरं तिथंच अडकत्यात.”

“घोंगडे,” मी म्हणाले, “पट्टी शिंप्याला लागते. गणिताला डोकं लागतं.”

सभागृह खदखदून हसलं. तोही थोडा हसला, पट्टी पिशवीत घातली आणि खाली बसला. त्यानंतर दोन वर्षं प्राध्यापकांच्या कुठल्याही बैठकीत तो दिसला की कुणीतरी हमखास म्हणायचं, शिंपी आला. हे नाव मी ठेवलं होतं याचा मला अभिमान होता.

म्हणून अहवाल मी स्वतः लिहिला. फडतरेच्या मराठीवर असलं काम सोडण्यात अर्थ नव्हता. सामुदायिक गैरप्रकार, ओळखीच्या खुणा, शिक्षकाची उघड फूस, असे तीन ठसठशीत मुद्दे काढले. शिफारस केली की एक्केचाळीसही जणांची संपूर्ण परीक्षा रद्द व्हावी, त्यांना पुढचं एक वर्ष परीक्षेला बसू देऊ नये आणि संबंधित शिक्षकाला पुन्हा नेमू नये. खाली सही केली, डॉ. शर्वरी दातीर. लिहिताना मला मजा आली हे कबूल करायला हवं.

चौकशी जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. समिती तिघांची. अध्यक्ष वाणिज्य शाखेचे डॉ. सबनीस, शिवाय एका विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि एक उपकुलसचिव. तिघांना मिळून तिसापर्यंत पाढे येत असावेत. निकाल ठरलेलाच आहे अशा चेहऱ्याने ते बसले होते आणि बिस्किटांची बशी एकमेकांकडे सरकवत होते. मी त्यांच्या उजव्या हाताला. फडतरे मागच्या खुर्चीवर, साक्षीदार म्हणून.

घोंगडे आला तो पाच तास एसटीत बसून. शर्टाची इस्त्री पार मोडलेली, खांद्याला कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी तो उभाच राहिला.

“घोंगडे सर,” सबनीसांनी सुरुवात केली, “एक्केचाळीस विद्यार्थ्यांनी एकच आकृती कशी काय काढली?”

“एकच आहे, साहेब. दुसरी निघत न्हाई.”

“आणि उत्तरही एकच?”

“उत्तरबी एकच आहे.”

“ते चूक आहे,” मी म्हणाले.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “न्हाई, मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला. मागे फडतरे फिस्सकन हसला.

“ते राहू द्या,” विधीचे प्राचार्य म्हणाले. “हे आत आणि बाहेर काय प्रकरण आहे? ही खूण नाही तर काय?”

“सवय आहे, साहेब. मी लावलेली. आमची पोरं वाड्यावस्त्यांवरची. लिमिट म्हणलं की बिचकत्यात. मग मी सांगितलं, लिमिट-बिमिट सोडा. आधी आकृती काढा, तिच्यात पट्टी ठेवा. आत कुठनं शिरली तिथं आत लिहा, बाहेर कुठनं पडली तिथं बाहेर लिहा. त्याबिगर गणिताला हात लावायचा न्हाई. कुणी हात लावला तर मी वही फेकून देतो. म्हणून सगळ्यांनी लिहिलंय.” त्याने खांद्यावरची पिशवी सावरली. “शिक्षा द्यायची तर मला द्या. माझी नेमणूक तशीबी वर्षावर्षाची. पण त्यात सतरा मुली आहेत, साहेब. एक वर्ष हुकलं की घरातनं परत कोण पाठवत न्हाई त्यांना.”

सबनीसांचा हात बशीवरच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कळवळा हा काही पुरावा नाही,” मी म्हणाले.

“बरोबर आहे मॅडमचं,” घोंगडे म्हणाला, आणि हे तो उपरोधाने म्हणत नव्हता. “पुरावा गणिताचाच पाहिजे. फळा न्हाई इथं, पण एक कोरा कागद द्या. आकृती मी काढतो. पट्टी मॅडमनी ठेवावी. मी ठेवली तर म्हणतील, ह्यानं पाहिजे तशी फिरवली.”

उपकुलसचिवांनी जुन्या गुणपत्रकाचा कोरा पाठ त्याच्यापुढे सरकवला. मला हा पोरखेळ वाटत होता, पण नाही कशाला म्हणायचं? एकदाचं तोंड बंद होईल, असं मनात आलं. घोंगडेने टेबलावर वाकून दोन अक्ष काढले. मग वरून खाली उतरत जाणारी सरळ रेषा काढली. दोन अक्ष आणि ती रेषा मिळून एक त्रिकोण झाला. मग दोन अक्ष मिळतात त्या बिंदूपासून निघून वर चढत जाणारं परवलय, म्हणजे एक वक्र रेषा, काढलं. ते रेषेला जाऊन भिडलं आणि त्रिकोणाचे दोन तुकडे झाले. वरचा तुकडा उभ्या वाय-अक्षाला चिकटलेला, खालचा आडव्या एक्स-अक्षावर बसलेला. माणसाचा हात स्थिर होता, एवढं मी मान्य केलं.

मग त्याने पिशवीतून तीच पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. लाकूड वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं.

“ठेवा, मॅडम.”

मी पट्टी वरच्या तुकड्यात ठेवली. वाय-अक्षापासून परवलयापर्यंत. विचार करायची गरजच नव्हती. हे गणित मी हजार वेळा सोडवलं होतं.

“तिथं न्हाई,” घोंगडे म्हणाला, पुढे झुकून, जवळजवळ माझ्या कानाशी. “प्रश्न वाचा, मॅडम.”

प्रश्नपत्रिका समोरच होती. मी प्रश्न चार ब वाचला. परवलय, सरळ रेषा आणि एक्स-अक्ष यांनी वेढलेला भाग. एक्स-अक्ष. म्हणजे खालचा तुकडा. मी पट्टी खाली सरकवली. ती परवलयातून आत शिरली आणि रेषेतून बाहेर पडली. पुढची आकडेमोड तोंडी होण्यासारखी होती. सात छेद चोवीस.

तो अक्ष मीच बदलला होता. वर्षानुवर्षं प्रत्येक गाईडात हे गणित वाय-अक्षाचं असतं आणि उत्तर असतं तीन छेद आठ. पोरं ते घोकून येतात. नोव्हेंबरमध्ये पेपर काढताना मी वाय खोडून मुद्दाम एक्स केला होता आणि स्वतःशीच हसले होते, आता बघू गाईडवाले काय करतात ते. नमुना उत्तरं लिहिली एप्रिलमध्ये, दोन बैठकांच्या मधल्या पाऊण तासात. तेव्हा परवलय दिसलं, रेषा दिसली आणि मी प्रश्न पुरा न वाचता घोकलेलं उत्तर लिहून मोकळी झाले. आकृती काढली असती तर दिसलं असतं. घोकणाऱ्यांसाठी लावलेल्या सापळ्यात पहिली मीच सापडले होते. माझ्या मागोमाग फडतरे आणि त्याचे सतरा भाऊबंद आले. हजारो पोरांनी गाईडातलं उत्तर उतरवून पूर्ण गुण खाल्ले होते. आणि ज्या मुलांनी प्रश्न वाचला त्यांना मी भोपळा देऊन वर कॉपीबहाद्दर ठरवलं होतं. इकडेतिकडे आणखीही काहींनी वाचला असेल. ते बिचारे एकेकटे होते म्हणून कुणाच्या नजरेत भरले नाहीत.

“मग काय, मॅडम?” सबनीस म्हणाले. “बरोबर की चूक? आम्हाला काही यातलं कळत नाही.”

तिघे माझ्याकडे बघत होते. घोंगडे बघत नव्हते. ते कागदाकडे बघत उभे होते, मला वेळ देत असल्यासारखे.

चूक माझी आहे, एवढे तीन शब्द होते. ते बोलले असते तर अकरा हजार उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या, बातमी झाली असती, अध्यक्षपद गेलं असतं. हे सगळं खरं, पण मला त्याचं इतकं भय वाटलं नाही. मला भय वाटलं ते मागच्या खुर्चीवर बसलेल्या त्या मठ्ठ माणसाचं. फडतरे मला हसला असता. दातीरबाईंची लिमिट चुकली, असं तो पुढची दहा वर्षं चहाबरोबर सांगत फिरला असता. माझ्या हस्ताक्षरातला मूळ प्रश्न परीक्षा विभागात मोहोरबंद पाकिटात होता. सहा महिन्यांनी तो नियमाने नष्ट होणार होता आणि तोवर तक्रार आल्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं.

“प्रश्नपत्रिकेत छपाईची चूक झालेली दिसते,” मी म्हणाले. “मूळ प्रश्न वाय-अक्षाचा होता. छापताना एक्स पडला.” माझा आवाज जराही कापला नाही.

“अरेच्चा! म्हणजे दोन्ही उत्तरं चालतील?”

“चालतील. प्रश्न ज्यांनी सोडवायला घेतला त्या सगळ्यांना पूर्ण गुण द्यावेत. मुलांवरचा आरोप मी मागे घेते. त्या शब्दांबद्दल तोंडी समज पुरे. सरांवरही काही ठपका नको.”

“वा! मोठं मन लागतं याला, मॅडम,” सबनीस म्हणाले आणि बशी माझ्याकडे सरकवली. फडतरेसुद्धा पुढे येऊन माझं अभिनंदन करून गेला. पुढच्या आठवड्यात परीक्षा विभागातल्या टंकलेखकाला मेमो मिळाला. आपण समोर होतं तेच टाइप केलं, असं तो बिचारा शपथेवर सांगत होता, पण टंकलेखकाचं कोण ऐकतं?

बाहेर आले तर व्हरांड्यात घोंगडे पाण्याच्या टाकीशी बाटली भरत होते. मला बघून त्यांनी नळ बंद केला. बाटली अर्धीच भरली होती.

“मॅडम, लई उपकार झाले.”

“उपकार कसले,” मी म्हणाले. मला तिथून लवकर निघायचं होतं.

“पोरांची वर्षं वाचली. माझंबी भागलं.” ते घुटमळले. “एक विचारू का? मूळ प्रश्नात एक्स नव्हताच?”

“का?”

“काय न्हाई. पेपर सुटल्यावर पोरं पळत आली माझ्याकडं. म्हणली, सर, गाईडातलंच गणित होतं, पण अक्ष बदलला होता. आम्ही पट्टी ठेवली म्हणून कळलं. मला इतकं बरं वाटलं, मॅडम, तुम्हाला काय सांगू! मी वर्गात सांगितलं, पेपर काढणारं माणूस कोण आहे ठाऊक न्हाई, पण खरं शिकवणारं माणूस आहे. नुसता एक अक्ष बदलला आणि सगळ्यांना वाचायला लावलं. मी चौदा वर्षं जे बोंबलून सांगतोय ते त्यानं एका गणितात सांगितलं. पत्र लिहिणार होतो. पण नाव गुप्त असतं, म्हणून राहिलं.” ते थोडे लाजले. “खरं सांगू? मला आतनं वाटत होतं, ते माणूस तुम्हीच असणार. दुसऱ्या कुणाला सुचतंय असलं?”

दहा वर्षं मी पेपर काढत होते. माझा एखादा प्रश्न कुणी असा वाचला होता, असं तोवर कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. ज्याला मी भर सभेत शिंपी म्हटलं त्याने वाचला. हो, मीच बदलला, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मागे दार उघडं होतं, आतून सबनीसांचं बोलणं ऐकू येत होतं आणि दारातच फडतरे दात कोरत उभा होता.

“म्हणजे मुद्दाम कुणी बदलला नव्हता?” घोंगडे सरांनी पुन्हा विचारलं.

“नाही. छापताना झालं ते.”

“असं होय.” त्यांनी मान हलवली. पट्टी अजून माझ्याच हातात होती. मी ती पुढे केली. त्यांनी ती शर्टाला पुसली आणि पिशवीत ठेवली. “पोरांना सांगावं लागंल मग. उगीच भरीला घातलं मी त्यांना.”

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून ते थांबले आणि मागे वळले.

“तरीपण मॅडम, चुकून का होईना, गणित झकास झालं होतं.”

“हो,” मी म्हणाले. “चुकूनच.”